‘गली छूमंतर’चा आठवा भाग

बँकेने माझी बदली बनारसला केली तेव्हा मंगला गौरीच्या देवळाजवळ वरच्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या. खाली पाटणकर मायलेक राहायचे. शरदिनीकाकू सत्तरीच्या आणि त्यांचा मुलगा अनिमेष चाळिशीला टेकलेला, एका खासगी इंटर कॉलेजात अकरावी-बारावीला हिंदी शिकवणारा. घर मराठी, पण काशीत पाच-सहा पिढ्या गेलेल्या. पहिल्याच दिवशी काकू म्हणाल्या, "अहो, पाणी साडेपाचला येतं आणि तुरंत जातं. बादल्या भरून ठेवत जा, नाहीतर दिवसभर परेशान व्हाल."

त्यांच्या भिंतीवर एका शाळकरी मुलीचा फोटो होता. तिने एक मूठ कॅमेऱ्यासमोर धरली होती. ती कोण, हे मी बरेच महिने विचारलं नाही, आणि त्यांनीही सांगितलं नाही.

अनिमेष गोष्टी लिहायचा. दोन-चार मासिकांत छापून आल्या होत्या, बाकीच्या कपाटात. एका रविवारी सकाळी तो जिना चढून धापा टाकत वर आला. मोबाइलवर मालिका दाखवणाऱ्या मुंबईच्या एका कंपनीने त्याची गोष्ट निवडली होती. किशोरवयीन मुलांसाठी विनोदी मालिका, जादूवर, बनारसच्या गल्लीत घडणारी. त्या आनंदातच त्याने मला मधुराबद्दल सांगितलं.

मधुरा त्याची धाकटी बहीण. हातचलाखीचं विलक्षण वेड. पत्ते, नाणी, रुमाल, जे हाताला लागेल ते ती गायब करायची. अनिमेष तिचा साहाय्यक. पंधराव्या वर्षी, २००६च्या पावसाळ्यात, तिला मेंदूज्वर झाला आणि चौथ्या दिवशी ती गेली. तिसऱ्या दिवशी तिला जरा शुद्ध आली होती. तिने डोळे उघडून पाहिलं, तेव्हा काय करावं ते न सुचून अनिमेषने तिच्यासमोर एक नाणं गायब करून दाखवलं. ती म्हणाली, "डाव्या हातात आहे, दादा." त्यानंतर ती बोलली नाही.

"आईला हे मी कधी सांगितलेलं नाही," तो म्हणाला. "ती तेव्हा औषध आणायला खाली गेली होती."

त्याने लिहिलेल्या मालिकेत मधू नावाच्या मुलीला खरोखरची जादू येते, पण प्रत्येक जादूपायी तिच्या आयुष्यातला एक दिवस तिच्या आठवणीतून कायमचा पुसला जातो. ती गमती करते, मास्तरांची फजिती करते, पण जपून. आठव्या भागात ती आजारी पडते, आणि ज्याच्यासाठी तिने इतके दिवस उधळले तो भाऊ तिच्यासाठी काहीच करू शकत नाही. "हसवायचं आहेच," अनिमेष म्हणाला, "पण जादूला कुठेतरी हद्द हवी ना? नाहीतर ती जादू कसली?"

कंपनीचा वेदांत म्हणून एक तरुण लेखक फोनवर त्याच्याशी बोलायचा. अतिशय अदबीने. पहिल्या महिन्यात त्याने आठवणी पुसल्या जाण्याचा भाग काढायला सांगितला. "सर, बच्चे हिसाब नहीं रखेंगे कि कौन-सा दिन गया." अनिमेषने काढला. मग मधूच्या आईला भोळसट करायला सांगितलं, म्हणजे घरात खुर्च्या उडाल्या तरी तिला काही कळू नये. अनिमेष दोन दिवस जेवला नाही, आणि तेही केलं. मी म्हटलं, "सोडून दे ना." तो म्हणाला, "सोडलं तर कुणीच काही बनवणार नाही. निदान आठवा भाग तरी राहील."

हिवाळ्यात मुन्शी घाटावर चित्रीकरण झालं. आम्ही बघायला गेलो. मधूचं काम करणारी मुलगी चोविशीची, दोन वेण्या घातलेली. मागे भरदुपारी शेकडो दिवे लावून ठेवलेले. अनिमेषने तिला नाणं कसं धरायचं ते दाखवलं, अंगठ्याच्या मुळाशी दाबून, बोटं सैल सोडून. तिला दोन-तीनदा छान जमलंही. तेवढ्यात दिग्दर्शक म्हणाला, "अरे छोड़ो, वो कंप्यूटर पर कर लेंगे." तिने नाणं अनिमेषला परत दिलं आणि ओशाळून हसली.

पुढच्या उन्हाळ्यात ‘गली छूमंतर’ या नावाने मालिका आली. एका सुट्टीच्या दिवशी सकाळी खालच्या खोलीत टीव्हीसमोर आम्ही तिघं बसलो. काकू नवी साडी नेसल्या होत्या.

वाईट होती. दुसरा शब्द नाही. प्रत्येक भागात मधू मंत्र म्हणून काहीतरी घोटाळा करायची आणि बाविसाव्या मिनिटाला दुसरा मंत्र म्हणून तो निस्तरायची. कुणाला काही लागत नव्हतं, कुणी काही शिकत नव्हतं, पुढच्या भागात सगळे तितकेच मूर्ख. मास्तरांचं गाढव झालं, गाढवाचे पुन्हा मास्तर झाले, आणि मास्तरांना आपण गाढव होतो याचं काही वाटलं नाही. दर वाक्यामागे लोकांच्या हसण्याचा ध्वनिमुद्रित आवाज. अनिमेष हात मांडीखाली दाबून बसला होता.

आठवा भाग लागला. मधू आजारी होती, पण चुकीच्या मंत्रामुळे तिच्या तोंडातून साबणाचे फुगे निघत होते. भाऊ नाणं घेऊन आला. त्याने ते गायब केलं. मधू एक डोळा उघडून म्हणाली, "बाएँ हाथ में है, भैया," आणि खोलीभर तो हसण्याचा आवाज फुटला. इतका मोठा की त्यापुढचं वाक्य ऐकूच आलं नाही. मग मधू मेली, सगळे रडले, आणि रडता रडताच ती पिठाच्या डब्यातून शिंकत बाहेर आली. पुन्हा हशा.

अनिमेष उठून न्हाणीघरात गेला. नळ सोडल्याचा आवाज आला, पण त्या वेळी नळाला पाणी नसतं. तो तसाच सोडलेला नळ मला ऐकू येत राहिला, नुसती हवा फुसफुसत होती.

तो बाहेर आला तेव्हा काकू टीव्हीकडेच बघत होत्या. त्यांचा चेहरा उजळला होता.

"अनी, ते फिरून लाव ना. ती येते ते."

"आई, ते मी लिहिलेलं नाही."

"कुणीही लिहिलेलं असू दे. लाव."

"खोटं आहे गं ते सगळं! मेलेलं माणूस असं पिठाच्या डब्यातून येत नाही."

काकू शांतपणे म्हणाल्या, "हे तू मला सांगणार? तुम्ही लोक तिला मणिकर्णिकेला घेऊन गेलात. मला दारातूनच मागे फिरवलंत, बायका येत नाहीत म्हणून. मी तिला जाताना पुरती पाहिलीच नाही. आता येताना पाहते आहे तर पाहू दे."

अनिमेषने भाग पुन्हा लावला. तो हशा पुन्हा झाला. मी वर निघून आलो.

त्यानंतर रोज संध्याकाळी खालून तो हसण्याचा आवाज यायचा. अनिमेष कॉलेजातून आला की काकू आधी आठवा भाग लावायला सांगायच्या, मग चहा. पहिले काही दिवस तो लावून बाहेर निघून जायचा. मग तिथेच बसून राहायला लागला. मी एकदा विचारलं, तर म्हणाला, "बसतो. आता त्या हशाच्या आत तिचा आवाज कसा होता तेच मला आठवेनासं झालंय. वाक्य आठवतं, पण त्या नटीच्या आवाजात."

दिवाळीनंतर कंपनीने मालिका बंद केली. फार कुणी पाहिली नव्हती. थोड्याच दिवसांत ती ॲपवरूनही काढून टाकली. अनिमेषने वेदांतला फोन लावला, तर तो कधीच दुसरीकडे गेला होता. ऑफिसात फोन घेणाऱ्या बाईंनी मालिकेचं नाव दोनदा विचारून घेतलं आणि म्हणाल्या, आमच्याकडे या नावाचं काही दिसत नाही.

काकूंनी थोडे दिवस वाट पाहिली. मग एके सकाळी भाजी निवडता निवडता, माझ्यासमोरच, म्हणाल्या, "मग तू लिही ना. ती परत येते तेवढंच लिहून दे. मी वाचत जाईन. मराठीतच लिही, मला सोपं जाईल."

अनिमेष "बरं" म्हणाला.

पुढचे तीन महिने तो रोज सकाळी कॉलेजला जाण्यापूर्वी टेबलाशी बसायचा. मला एकदा कागद दाखवले. मधुरा दार उघडते. मधुरा शाळेतून येते. मधुरा गच्चीवरून हाक मारते. प्रत्येक कागदावर एक वाक्य, फार तर दोन, आणि पुढे खोडलेलं. "ती दारातून आत येते इथपर्यंत जमतं," तो म्हणाला. "मग आई तिच्याकडे बघते, आणि मला पुढे लिहिताच येत नाही. त्या कंपनीवाल्यांना कसं रे जमलं? चार दिवसांत लिहिलं असेल त्यांनी ते."

मार्चमध्ये माझी जळगावला बदली झाली. निरोप घ्यायला खाली गेलो तेव्हा काकू खिडकीशी बसल्या होत्या, बऱ्याच वाळल्या होत्या. अनिमेष बोर्डाच्या उत्तरपत्रिका तपासत होता. टेबलावर दुसरे कागद नव्हते.

काकूंनी माझ्या हातावर पेढा ठेवला. "याला सांगा हो जरा," त्या हळूच म्हणाल्या, "हा आजकाल लिहीत नाही."

अनिमेषने तपासलेली उत्तरपत्रिका बाजूला ठेवली आणि पुढची उघडली.