भाव बांधला की माल गेला

सरकारने भाव बांधून दिला की ती वस्तू जगातून नाहीशी होते, यावर ह्यांच्या मामांची जितकी श्रद्धा आहे, तितकी देवावरसुद्धा कोणाची नसेल. मामांचं तरुणपण आफ्रिकेत, दारेसलामला गेलं. तिथे त्यांचं किराणा दुकान होतं. साखर, साबण, तेल, सगळ्याचा भाव सरकार ठरवायचं, आणि तो इतका कमी असायचा की त्या भावात माल आणणं कोणाला परवडत नसे. फळीवर भावाची पाटी असायची, माल नसायचा. असलाच तर मागच्या खोलीत, आणि त्याचा भाव कानात सांगायचा. इंग्लंडात लेस्टरला येऊन मामांचा उभा जन्म गेला, पण अजून ते बेलग्रेव्ह रोडवरच्या भरगच्च दुकानात शिरतात, समोरच्या मालाकडे बघतसुद्धा नाहीत, आणि दुकानदाराच्या कानाशी लागून विचारतात, “आत काही आहे?” तो गुजराती दुकानदार आता चिडतही नाही. “काका, जे छे ते बहारच छे,” म्हणतो. मामा समजुतीने मान डोलावतात. त्यांना वाटतं, याचा आपल्यावर अजून भरवसा बसलेला नाही.

त्यांच्याकडून निघताना मामी कुंकू लावतात आणि मामा हातात साबणाची वडी ठेवतात. “घे सूनबाई. साबण कधी जाईल, नेम नाही.” मला नाही म्हणता येत नाही. माझ्या कपाटातल्या साड्यांनासुद्धा आता साबणाचा वास येतो.

इथवर हसण्यासारखं होतं. मग एकदा इथल्या सरकारने गॅस-विजेच्या दराला मर्यादा घातल्याची बातमी मामांनी ऐकली, आणि ते उठून घराचं गॅसवर चालणारं हीटिंग बंद करून आले. “आता गॅस गेलाच समजा. आधीपासून सवय असलेली बरी.” मामींना दमा. त्या कोट घालून, कानावर लोकरी टोपी ओढून भाकऱ्या भाजायला लागल्या.

मी भीतभीत म्हटलं, “मामा, इथे तसं होत नाही हो.”

“तुमच्याकडे येतो का गॅस?”

“येतो की.”

“मग तू घरात दोन स्वेटर घालून का असतेस?”

दर बांधला होता, पण तो बांधलेला दरही आम्हाला झेपत नव्हता. दारेसलामला भाव होता, माल नव्हता. इथे मालही आहे, भावही आहे, आणि आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या ऊब घ्यायला लायब्ररीत जाऊन बसतात. मामांना वेडं म्हणावं तर कोणत्या तोंडाने?

गार भिंतींना बुरशी धरली. मामींचा खोकला थांबेना. शेवटी ह्यांनी कौन्सिलला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, फोन केला आणि एक बाई भिंती बघायला आली. मी तेव्हा तिथेच होते. मामांनी तिच्या गळ्यातलं ओळखपत्र पाहिलं मात्र, ते जिना चढून दिसेनासे झाले. मग वरून पाण्याचा आवाज यायला लागला. जाऊन बघते तर पलंगाखाली साठवलेली साखर मामा बाथटबमध्ये ओतताहेत. दोन्ही नळ सोडलेले, आणि झाडूच्या दांड्याने ढवळणं चाललेलं.

“साठा सापडला तर तुरुंग,” ते कुजबुजले.

मला हसू आलं. तेवढ्यात मामी धापा टाकत मागून आल्या. त्या हसल्या नाहीत.

“तिकडे धाड येणार म्हणून अशीच समुद्रात ओतलीत,” त्या म्हणाल्या. “माझ्या बाळंतपणाच्या लाडवांची साखर होती ती. तुमच्या भीतीपायी तेव्हा लाडू गेले, मी बोलले नाही. आता माझा श्वास जायची पाळी आलीय.”

मामांच्या हातातला दांडा थांबला. खालून ती बाई विचारत होती, “एव्हरीथिंग ओके?”

दुसऱ्या दिवशी भाजी घेऊन गेले तर घरात ऊब होती. मामी कोट न घालता खुर्चीतच झोपल्या होत्या. मामा रेडिएटरशेजारी स्टूल टाकून बसले होते, आणि ताप आलेल्याच्या कपाळावर ठेवावा तसा त्यांनी त्यावर तळहात ठेवला होता. मला बघून त्यांनी तोंडावर बोट ठेवलं.

“गॅस येतोय अजून,” ते हळूच म्हणाले. “येतोय तोवर झोपू दे तिला.”