परक्या बैलांना दिलेलं आवतण

आक्का, उंद्री सोडली त्या सकाळी तू आम्हाला वेशीपर्यंत वाटे लावायला आलीस. लेक सासरी जाताना माहेर रडतं. आपल्यात उलटीच तऱ्हा झाली. तू गावातच दिलेली, आणि माहेरच उठून चाललं. खामगावच्या स्टेशनापर्यंत काकांनी गाडी आणली. उतरल्यावर बाबांनी बैलांच्या पाठीवरून हात फिरवला, काकांना म्हणाले, "सांभाळजो बे या दोघायले," आणि कोरड्या डोळ्यांनी नागपूरच्या आगगाडीत जाऊन बसले.

तीन भावांच्या वाटणीत आलेल्या तुकड्यावर आपलं भागत नव्हतं, हे तुला ठाऊकच आहे. इथे अंबाझरी तलावाच्या बांधाखाली पाझरानं जमीन बारा महिने ओली. नागपूर वाढत होतं, नवे बंगले उठत होते, आणि बंगलेवाल्यांना वांगी, मेथी, कोथिंबीर रोज लागायची. उंद्रीची विहीर फाल्गुनातच तळ दाखवायची, इथे पाण्याला तोटा नव्हता. पोट भरलं, नाही म्हणणार नाही. पण वस्तीत पाच मुलखांची माणसं: छत्तीसगढचे, तेलंगी, भंडाऱ्याकडचे मासे धरणारे ढीवर. माणसं चांगली होती. मायनं "काऊन बाई, जेवली का?" विचारलं की हसायची आणि आपापल्या कामाला लागायची. गिरणीचा भोंगा झाला की पुरुष निघून जात. मग माय तलावाकडे तोंड करून बसायची. म्हणायची, "एवढं पानी, अन् पान्यावर एक बी वळखीची बाई नाई."

त्यात पहिला पोळा आला. आदल्या दिवशी बाबा सकाळपासून घरात-बाहेर करत होते. खांदमळणीचा दिवस. जुवानं घासलेल्या खांद्यांना लोणी-हळद चोळायची आणि बैलांना दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतण द्यायचं. आपल्या दारात तर शेपटीसुद्धा नव्हती. बंगल्यांसाठी मुरूम वाहणारी एक गाडी रोज आमच्या वस्तीपाशी थांबायची. गाडीवान झाडाखाली डुलक्या घेत होता. बाबा वाटी घेऊन गेले, त्याच्या दोन्ही बैलांचे खांदे चोळले आणि रीतीप्रमाणे म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

माय कपाळाला हात लावून बसली. "आवो, परक्याचे बैल ते! त्यायचा धनी कायले आनील इथं?"

"आवतन देल्लं म्या," बाबा म्हणाले. "येतीन ते."

आवतण एकदा दिलं की फिरवता येत नाही, आणि पाहुणा जेवल्याशिवाय यजमान जेवत नाही. पोळ्याच्या दिवशी मायनं कुरकुरत का होईना, पुरण घातलं. बाबांनी दारात सडा टाकला, धुतलेलं धोतर नेसले आणि उंबऱ्यात बसून राहिले.

दुपार कलल्यावर बैल खरंच आले. शिंगं रंगवलेली, पाठीवर झूल, गळ्यात घुंगरमाळा. शहरात पोळ्याचे बैल रांगेनं उभे करतात, त्या तोरणाकडे निघाले होते. बाबा ताट घेऊन रस्त्यात उभे राहिले. बैलांचा मालक, तोच कालचा गाडीवान, भला माणूस होता, थांबला. म्हणाला, "पाटील, घरी बायको ताट घेऊन वाट पाहून राह्यली. पहिला घास घरचाच असते ना."

बाबा बाजूला झाले. आपल्या बैलांना त्यांनी दुसऱ्याच्या दारात कधी तोंड लावू दिलं असतं का? घुंगरांचा आवाज विरेपर्यंत ते तिथेच उभे होते. मग आत आले, ताट मायपुढे ठेवलं आणि म्हणाले, "झाकून ठेव." त्या दिवशी ते जेवले नाहीत. खामगावला न रडलेला माणूस भिंतीकडे तोंड करून रडला. आक्का, मला तेव्हा फार एकटं वाटलं. माय होती, बाबा होते, तरी वाटलं.

आता दोघंही नाहीत. वस्तीत नळ आलाय. भाजी मी सायकलवर सीताबर्डीला नेतो. पोरं तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल ओढत घरोघर हिंडतात, अर्धं हिंदी बोलतात. उंद्री त्यांना गोष्टीतल्या गावासारखी वाटते.

गेल्या पोळ्याला मी तुझ्याकडे आलो होतो. तू पाट मांडलास, भोवती रांगोळी काढलीस आणि सुनेला म्हणालीस, "पाव्हन्याले आंधी वाढ वो." यात वावगं काहीच नव्हतं. मी चवीनं जेवलो, वर आणखी एक पोळी मागून घेतली. पण त्याच गावात मी तुझ्या हातचा फटका खाऊन तव्यावरची भाकर पळवायचो, आणि आता मला रांगोळी काढून वाढतात, हे मनाला लागलं ते लागलंच.

म्हणून म्हणतो, यंदा तू ये. आलीस की ओसरीवर टेकू नकोस. सरळ चुलीपाशी जा, भांड्यावरचं झाकण काढ आणि आपल्या हातानं वाढून घे. लोक येतात माझ्याकडे, चहा पितात, "येतो" म्हणून जातात. पण इतक्या वर्षांत बाहेरून येऊन कुणी माझ्या भांड्यात हात घातलेला नाही. तू घातलास की मी याला घर म्हणेन. तोवर कुणी विचारलं, तर तलावाकाठी राहतो, एवढंच सांगतो.