तांबडा झालेला चट्टा

फोंडा घाटात एस.टी.ने मला दोनदा खिडकीबाहेर डोके काढायला लावले, तरी मी खुशीत होते. घाटावरच्या कुष्ठरोग दवाखान्यात नर्स म्हणून राबणाऱ्या बाईला आठवड्याची रजा म्हणजे चैनच! शिवाय बोलावणे जयवंतीचे होते. ती आमच्या दवाखान्यात राहून, पांढऱ्या गोळ्या बांधून घेऊन घरी गेली, तेव्हाच म्हणाली होती, "बाई, एकदा समुद्र बघूक येवा."

तारकर्लीपर्यंत बैलगाडी मिळाली. पुढे देवबागपर्यंत नुसती वाळू. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी, मधे माडांची चिंचोळी पट्टी. चपला हातात घेऊन मी गाणे गुणगुणत चालले होते.

जयवंतीच्या अंगणात मांडव! पानावर गरम वडे आणि काळ्या वाटाण्याचे सांबारे (खोबऱ्याच्या वाटपाची दाट आमटी). मी पहिला घास घेतला आणि विचारले, "कसला कार्यक्रम?"

"नवस फेडलंव, बाई," तिचा नवरा भिकू म्हणाला. "हिचो चट्टो जितो झालो!"

जयवंतीने बाही वर केली. उजव्या हातावरचा तो जुना चट्टा. टाचणी टोचली तरी तिला तिथे कळायचे नाही. आता तो तांबडालाल, फुगलेला, तुकतुकीत. हात लावला तर तापलेला.

"कोपरात ठणकता पण," ती हसत म्हणाली. "दुखता म्हणजे जीव इलो ना?"

मी पान बाजूला सारले. "कुठल्या शहाण्याने सांगितले हे?"

तालुक्याच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरने. औषध लागू पडले, आता गोळ्या बंद, म्हणाला. मेल्याच्या तोंडात माती! हा जीव नव्हे, ही रिअ‍ॅक्शन. शरीर एकाएकी रोगजंतूंवर उसळते आणि त्या भांडणात नस सुजून मरते. मी तिच्या कोपरामागची नस दाबली, तशी ती किंचाळली. करंगळी बाजूला करायला सांगितली, जेमतेम हलली. ही बाई जाळी विणून घर चालवते. हातच गेला तर विणणार कशाने?

"ऊठ! आत्ताच्या आत्ता मालवण!"

"पंगत सोडून?" भिकू म्हणाला. "देवाचा काम आसा. गाडी उद्या."

मग मी तोंडाला येईल ते बोलले. भर मांडवात, पाहुणी असून. पंगतीतली एक म्हातारी पुटपुटली, "ह्या बायेक काय झाला गो?" जयवंतीच मला समजावू लागली. गाडी दुसऱ्या दिवशीच निघाली.

मालवणच्या डॉक्टरांनी नसेची सूज उतरवणाऱ्या प्रेडनिसोलोनच्या, होत्या तेवढ्या गोळ्या दिल्या, हाताला फळी बांधली. माणूस बरा होता. मी विचारले, "हे होणार हे आधी कळत नाही का?"

"लेप्रोमिनची सुई टोचली की रोग कुठल्या प्रकारचा, ते उमगते. भडका कुणाला उठेल, कधी उठेल, ते आज कुणालाच सांगता येत नाही."

"मग शोधा की! रक्तात काहीतरी खूण असेलच ना!" मी टेबलावर हात आपटला. त्यांचा काय दोष? पण मी आपटणार तरी कुठे?

निघायच्या दिवशी जयवंती वाळूतून पोचवायला आली. बांधलेला उजवा हात छातीशी, डाव्या हातात आमसुलांचे पुडके. चेहरा फुललेला.

"बाई, ठणको गेलो. रात्री सुखान झोपलंय."

मी तिथेच वाळूत बसून फळी सोडली. करंगळी हलव म्हटले. तिने ओठ दाबून जोर लावला. करंगळी जागची ढळली नाही. पदराची पिन काढून त्याच बोटाला टोचली. ती माझ्याकडेच पाहत राहिली, हसतच.

"आता बरा ना, बाई?"

"नाही," मी म्हणाले. तिचे हसू मावळायला वेळ लागला. गोळ्या सोडायच्या नाहीत हे मी तिच्याकडून वदवून घेतले, फळी पुन्हा बांधली आणि निघाले.

घाट चढताना राग आवरेना. सापडेल कधीतरी ती रक्तातली खूण. कुणाच्या तरी गळ्यात हारही पडतील. तोवर दुखणे आले म्हणून नारळ फुटतील, दुखणे थांबले म्हणून फुटतील, आणि नसा मरत राहतील.

एका वळणावर गाडीला हिसका बसला. आमसुले मांडीभर सांडली. पुडक्याची गाठ सुटली होती. जाळी विणणाऱ्या बाईने बांधलेली गाठ.