व्याह्यांना चढावर उतरवलं

मुलीचं लग्न ठरलं आणि गडहिंग्लजचे व्याही-विहीणबाई पहिल्यांदाच कोल्हापुरात आमच्याकडं मुक्कामाला आले. दुसऱ्या दिवशी त्यांना पन्हाळा दाखवायचा होता. माझी जुनी पेट्रोल गाडी गचके खात होती, म्हणून मी शाहूपुरीतनं नवे स्पार्क प्लग आणले आणि दारातच स्वतः बसवले.

"मिस्त्रीला बोलवा की," बायको म्हणाली. मी ऐकलं नाही. गाडी एका झटक्यात सुरू झाली. मग काय, सकाळी पोहे खाताना व्याह्यांना पुन्हा पुन्हा ऐकवलं, "प्लग घरीच बदलले मी. त्यात काय अवघड न्हाय."

पन्हाळ्याच्या चढाला गाडी थरथरायला लागली. कितीही दाबलं तरी ओढेना. मागं हॉर्न सुरू झाले. एका वळणावर बंदच पडली. परत सुरू केली, पण आम्हा चौघांना घेऊन काही वर चढेना. शेवटी मागं न बघताच मी म्हणालो,

"जरा... उतरता का?"

विहीणबाईंचे गुडघे दुखायचे. काठपदराची साडी सावरत, बायकोच्या खांद्यावर हात ठेवून त्या चढ चढू लागल्या. पांढऱ्या कडक इस्त्रीतले व्याही गाडीच्या मागं गेले.

"पावणं, सोडा ब्रेक. ढकलतो."

कशीबशी सपाटीला गाडी लागली. बॉनेट उघडलं, तर एका प्लगवरची वायरीची रबरी टोपी निसटलेली. मीच ती नीट बसवली नव्हती. अंगठ्यानं दाबली, टक्क वाजलं, काम झालं.

"काय झालं हुतं?" व्याह्यांनी विचारलं.

"टोपी निघाली होती."

"हां," एवढंच म्हणून ते रुमालानं हात पुसत राहिले. माझे कान तापले होते.

संध्याकाळी मी त्यांना गडहिंग्लजला सोडणार होतो. व्याही हळूच म्हणाले, "स्टँडवर सोडा पावणं, यष्टीनं जातो. तुमाला कशाला तरास?" मी आग्रह केला, पण नुसता तोंडानं. त्यांच्या नजरेला नजर द्यायची मला हिंमत नव्हती. विहीणबाई दांडी धरून एकेक पायरी यष्टीत चढल्या आणि खिडकीतनं म्हणाल्या, "लई छान झालं बघा फिरणं."

लग्न थाटात झालं. मुलगी तिकडं सुखात आहे. सासरी त्या दिवसाचा विषय कुणी कधी काढत नाही, असं ती सांगते. मला तेच जास्त लागतं.