मंदाताईंचे बुडबुडे

पेशंटला "श्वास घ्या, आता धरा" असं सांगितलं की मंदाताई मेश्राम स्वतःचाही श्वास धरायच्या. मी पहिल्यांदा त्यांच्या शेजारी उभी राहिले तेव्हा मला वाटलं, बाईंना दम्याचा त्रास आहे की काय! पेशंट टेबलावर आडवा, मंदाताईंच्या हातात पोटावर फिरवायचा प्रोब, डोळे स्क्रीनवर, आणि दोघंही गप्प, गच्च. मग त्या "सोडा" म्हणायच्या आणि दोघंही एकदमच सुटायचे. मी न राहवून विचारलं, तर म्हणाल्या, "अगं, मशीनमध्ये पाहता पाहता आपण माणसाला विसरून जातो ना. तो बिचारा तिकडे निळा होऊन राहतो. माझा जीव घाबरला की मी समजते, त्याचाही घाबरला."

आम्ही दोघी परदेशात, डँडेनॉन्गजवळच्या एका हॉस्पिटलात सोनोग्राफर होतो. त्या मूळच्या नागपूरच्या, इथे येऊन केस पांढरे झालेल्या. मी पुण्याची, तशी नवीच. दिवसभर सगळ्यांशी "हाउ आर यू, मेट, नो वरीज" चालायचं, आणि खोलीचं दार लागलं की नागपूर सुरू. मंदाताई मला माझ्या नावाने कधी हाक मारायच्या नाहीत. "काय गं पुणेकर, दुपारी झोपायला नाही मिळत म्हणून तोंड पाडून राहिली का?" हे रोजचं. मीही म्हणायची, "तुमच्यासारखं उन्हात भाजून घेतलेलं नाही ना आम्ही." बाई खूश. सकाळी आल्या आल्या मला "जय भीम" म्हणायच्या आणि उत्तर येईपर्यंत मशीन सुरू करायच्या नाहीत.

करोनाचं ते वर्ष आठवलं की मला आधी आठवतो तो थकवा. गाऊन, हातमोजे, मास्क, त्यावर प्लॅस्टिकचा पडदा, आणि पडद्याच्या आत आपल्याच वाफेने धुरकट झालेलं जग. प्रत्येक पेशंटनंतर सगळं उतरवा, पुसा, परत चढवा. आमच्यातलं कोणी ना कोणी घरी अडकलेलंच, त्यांचं कामही आमच्याच गळ्यात. घरी गेल्यावर माझी लेक "मम्मा, डोन्ट टच मी, शॉवर फर्स्ट" म्हणून लांब पळायची. तिचं बरोबर होतं, तरी रडू यायचं. मंदाताईंचा उजवा खांदा तर वर्षानुवर्षं प्रोब दाबून आधीच गेलेला. त्या मास्क घालून श्वास धरायच्या तेव्हा मला त्यांचा राग यायचा. "कशाला हा आगाऊपणा? चक्कर येऊन पडाल." त्यावर त्या म्हणायच्या, "पडले तर तू आहेस ना उचलायला. तेवढंच तुझ्या हातून काही काम होईल."

आमच्या धंद्यात एक नियम आहे. काय दिसलं ते पेशंटला आम्ही सांगायचं नाही, ते डॉक्टर सांगणार. पण पेशंट शहाणे असतात, ते स्क्रीनकडे बघतच नाहीत, आमच्या तोंडाकडे बघतात. सगळे वैतागून मास्कला शिव्या घालत असताना मंदाताई एकदा म्हणाल्या, "मला तर बरंच वाटून राहिलं. अर्ध्या तोंडाचं तरी खोटं बोलणं वाचलं."

त्याच दिवसांत आप्पा आले. संगमनेरकडच्या साखर कारखान्यातले निवृत्त फिटर. नातवाच्या बारशाला म्हणून मुलाकडे आले, आणि विमानं बंद झाली. बायको गुडघ्यांमुळे आलीच नव्हती, ती तिकडे एकटी. मुलाने, नितीनने, बरीच खटपट करून भारतात जाणाऱ्या एका खास विमानात त्यांची जागा मिळवली होती. तेवढ्यात त्यांचं पोट दुखायला लागलं आणि साध्या सोनोग्राफीत यकृतावर एक डाग दिसला. त्यांच्या किडन्या अधू होत्या, सीटी स्कॅनचं औषध शिरेतून देणं धोक्याचं होतं. म्हणून बुडबुड्यांची सोनोग्राफी ठरली.

ही तपासणी मंदाताईंची लाडकी. एवढीशी कुपी हलवायची की आत दुधासारखं पाणी तयार होतं. त्यात वायूचे बुडबुडे असतात, रक्तातल्या पेशीपेक्षाही बारीक. ते हाताच्या शिरेतून सोडले की रक्ताबरोबर यकृतात पोचतात आणि काळ्या स्क्रीनवर चमकायला लागतात. डाग कसा उजळतो आणि किती वेळ उजळलेला राहतो, त्यावर सगळं असतं. रक्तवाहिन्यांचा नुसता निरुपद्रवी झुबका असेल तर तो कडेकडेने हळूहळू भरतो आणि बुडबुडे तिथे मुक्काम करतात. वाईट असेल तर डाग घाईघाईने उजळतो, आणि आजूबाजूचं यकृत अजून चमकत असताना तेवढाच विझतो. या विझण्याला आमच्याकडे 'वॉशआउट' म्हणतात. शेवटी उरलेसुरले बुडबुडे फुटतात आणि त्यांतला वायू श्वासावाटे बाहेर पडतो.

नातेवाइकांना आत सोडत नव्हते, नितीन कार पार्कमध्ये गाडीत बसून होता. आप्पांना इंग्रजी येत नव्हतं. त्यांना मंदाताईंनी नेहमीच्या पद्धतीने समजावलं, "आप्पा, बुडबुडे सोडून राहिलो आपण. ते पोटात फिरतील आणि निघून जातील. काही त्रास नाही." मराठी ऐकून म्हाताऱ्याचा चेहरा असा फुलला की विचारू नका. "ताई, तुम्ही आमच्याच निघाल्या की हो! मग आता कशाची भीती?"

यकृत उजळलं. डाग त्याच्याआधी उजळला. मंदाताई श्वास धरून, आप्पा श्वास धरून, आणि खरं सांगते, मीही. मग आमच्या डोळ्यांसमोर डाग विझायला लागला. भोवती सगळं लखलखीत आणि मध्ये काळं भोक. डॉक्टर मागे उभे होते, त्यांनी हळूच म्हटलं, "वॉशआउट." आप्पांनी मान वळवून स्क्रीन पाहिली. "गेले का हो तिथले सगळे?" त्यांनी विचारलं. मंदाताई म्हणाल्या, "हो आप्पा. गेले. सोडा आता श्वास."

त्यांनी खोटं काही सांगितलं नव्हतं आणि नियमही मोडला नव्हता. डॉक्टरांनी गाडीतल्या नितीनला फोन केला, वॉशआउट दिसलं म्हणाले, पुढचं लिव्हरची टीम अपॉइंटमेंटला सांगेल म्हणाले. मास्कमधून बोललेलं, त्यात फोनची खरखर. मग आप्पा गाडीत जाऊन बसले आणि म्हणाले, "पोरा, बुडबुड्यांनी सगळं धुऊन काढलं. ताईंनी सांगितलं, गेलं." बाप म्हणतो धुतलं गेलं, डॉक्टर म्हणतो वॉशआउट. पोरगा चांगला सॉफ्टवेअरवाला, पण त्या दिवशी तो नुसता पोरगा होता. त्याने का शंका घ्यावी?

दुसऱ्या दिवशी दुपारी एंट्रन्सवरून फोन आला, मंदाताईंसाठी पार्सल आहे. फॉस्टर स्ट्रीटवरच्या मिठाईवाल्याकडचे पेढे. वर चिठ्ठी चिकटवलेली, नितीनच्या अक्षरात: "ताई, आप्पा क्लीन निघाले, तुमचे उपकार. आता घाई नाही, म्हणून विमानाची जागा आज संध्याकाळी सोडून देतोय. इथेच सेफ राहतील."

मंदाताईंनी चिठ्ठी दोनदा वाचली. "अगं माय," एवढंच म्हणाल्या. मी म्हटलं, "ताई, तुमची काय चूक? तुम्ही सगळ्यांना हेच सांगता." त्या माझ्यावर खेकसल्या. तशा त्या कधी बोलायच्या नाहीत. "चूक कोणाची ते नंतर पाहू ना! म्हातारा बायकोला सोडून इथे बसून राहील. पुढचं विमान कधी? आणि तोवर त्याच्यात प्रवासाची ताकद राहील का?"

बॉक्स काखेत मारून त्या थेट डॉक्टरांच्या खोलीत गेल्या, मी मागोमाग. डॉक्टर वाईट नव्हते, आमच्याइतकेच दमलेले होते. म्हणाले, हे आता आप्पांनाच नीट सांगायला हवं, पण फोनवरचा मराठी दुभाषी या आठवड्यात मिळत नाही, आणि स्टाफने असं काही सांगायचं नसतं, मंदा, तुला माहीत आहे. मंदाताई म्हणाल्या, "माझ्याच शब्दांनी हे झालं, आता माझ्याच शब्दांनी निस्तरू द्या. तुम्ही बोला, मी नुसती भाषा बदलते." डॉक्टरांनी पेढ्यांकडे पाहिलं, डोळे चोळले आणि फोन लावला.

फोन स्पीकरवर होता. नितीनने उचलला, शेजारी आप्पा. डॉक्टर सावकाश बोलले: बुडबुडे तिथून फार लवकर गेले, ही काळजीची खूण आहे, तुकडा काढून तपासल्याशिवाय पक्कं सांगता येणार नाही, पण कॅन्सरची दाट शंका आहे. आता मंदाताईंची पाळी. त्यांनी मास्क वर ओढला, परत खाली केला.

"आप्पा, मी मंदा. काल बुडबुडे गेले ना, ते तिथून इतक्या लवकर जायला नको होते. थांबायला पाहिजे होते."

पलीकडे नितीन "व्हॉट? नो, वेट, वेट" करायला लागला. आप्पांनी त्याला गप्प केलं. "म्हंजे साफ नाय झालं?"

"नाही, आप्पा."

"कॅन्सर हाय का?"

"तशी शंका आहे. दाट आहे. तपासल्याशिवाय नक्की नाही म्हणतात."

मग आप्पा पोराला म्हणाले, "जागा सोडू नको रं. पुढचं तपासायचं ते नाशकात तपासू. तुझी आई हाय तिथं." आणि मग आम्हाला, "ताई, पेढे खाल्ले का?"

मंदाताईंनी बॉक्सवर हात ठेवला. "नाही हो. उघडलेच नाहीत. परत पाठवू का?"

"पेढे कुठं परत करत्यात होय! उघडा. मी घरी चाललो, त्याचे समजा."

फोन बंद झाल्यावर मंदाताईंनी बॉक्स उघडला. एक डॉक्टरांना, एक मला, एक स्वतः घेतला आणि मास्क खाली करून उभ्या उभ्या खाल्ला. डोळ्यांतून धारा लागलेल्या आणि तोंडात पेढा. मी आयुष्यात इतका कडू पेढा खाल्ला नाही, पण टाकवला नाही.

आप्पा त्याच विमानाने गेले. संगमनेरहून त्यांचा आवाज आला मंदाताईंच्या फोनवर, मागे कुकरची शिट्टी आणि कोणीतरी बाई त्यांना ओरडत असलेली: "पोचलो, ताई. आता इथंच थांबतो." तो निरोप मंदाताईंनी मलाही ऐकवला आणि साफसफाईवाल्या व्हिएतनामी मावशींनाही, ज्यांना त्यातलं अक्षर कळलं नाही. दिवाळीनंतर नितीनने कळवलं की आप्पा गेले. घरी, बायकोच्या हाताशी. त्या दिवशी मंदाताईंनी मला पुणेकर म्हटलं नाही, नावाने हाक मारली. मला ते मुळीच आवडलं नाही.

पुढे त्यांचा खांदा अगदीच बोलायला लागला. त्यांची लेक दूर वाळवंटातल्या कालगुर्लीला खाणीत इंजिनिअर, तिच्याकडे राहायला गेल्या. जाताना मला म्हणाल्या, "तिथे नुसती लाल माती आहे म्हणतात. बरं आहे, काही पाहायचं नाही, काही लपवायचं नाही." अधूनमधून फोन येतो. आवाज थकलेलाच असतो, पण टोमणे शाबूत आहेत.

आप्पांच्या त्या दिवसानंतर त्यांनी आपलं बोलणं बदललं होतं. मराठी पेशंट आला की म्हणायच्या, "बुडबुडे येतील आणि जातील. जाणं चांगलं की वाईट, ते डॉक्टर सांगतील. तोवर कोणाला पेढे वाटू नका." पेशंट हसायचे. टेबलावरचं माणूस हसलं की जरा सैल पडतं, श्वास नीट धरतं.

आता मीही तेच म्हणते, शब्दाला शब्द, आणि श्वासही धरते. पेशंट आजही हसतात. फक्त मास्क गेले, अख्खं तोंड दिसतं. म्हणून 'पेढे' म्हणायची वेळ आली की मी मशीनकडे वळून काहीतरी शोधल्यासारखं करते.