जानकीचं गाऱ्हाणं

भांडुपच्या त्या चाळीत गणपतीपुढे गाऱ्हाणं घालायचा मान भाऊरावांचा, म्हणजे जानकीच्या धाकट्या दिरांचा. दरवर्षी ते मालवणीत देवाला हाक घालायचे, त्र्याण्णवच्या दंगलीत गेलेल्या नंदकुमारचं नाव घ्यायचे आणि अख्खी चाळ ओरडायची, "व्हय म्हाराजा!" नंदकुमार जानकीचा थोरला.

यंदा नात श्रुतिकानं विचारलं, "आजी, त्यांच्यातलं कुणीच मेलं नव्हतं?"

मेला होता. शकील. नंदूच्या पाठोपाठ त्याला याच चाळीतल्या पोरांनी नाक्यावर मारलं होतं. त्याची आई हमीदा राजापूरची. दवाखान्यात मोतीबिंदूच्या रांगेत तिची बोली ऐकून जानकीनंच ओळख काढली आणि कोण कुणाची आई ते कळल्यावर दोघींनी एकमेकींचे हात धरले.

जानकी उठली ती थेट भाऊरावांकडे गेली. "यंदा शकीलचंही नाव घ्या."

"वहिनी, डोकं ठिकाणावर आहे ना? मी नाही घेणार."

"मग मी घेईन."

"बायका कधीपासून गाऱ्हाणं घालायला लागल्या?"

पण विसर्जनाच्या दिवशी आरत्या ओरडून भाऊरावांचा घसा बसला. जानकीनं पदर खोचला आणि ती पुढे झाली. तिच्या बोलावण्यावरून आलेली हमीदा दाराशी उभी होती.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या लेकरांका सुखी ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"माझ्या नंदूक आणि हमीदाच्या शकीलाक तुझ्या पायाशी बसव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सवयीनं चाळ गरजली. मग सगळे एकमेकांची तोंडं बघू लागले.

"वहिनी, फसवलंस," भाऊराव घोगऱ्या आवाजात म्हणाले.

"फसवून घेतलेला होकार देवाला नको. पुन्हा म्हणते, सावकाश. पटत नसेल त्यानं गप्प राहा." "शकीलाक आमच्याच पोरांनी मारल्यानी. ह्या पाप आमचा. दोघांकय तुझ्या पायाशी बसव रे म्हाराजा!"

कुणी बोलेना. त्या वेळची पोरं, आता केस पिकलेली, जमिनीकडे बघत होती. जानकीला वाटलं, संपलं.

तेवढ्यात मागून फाटका आवाज आला, "व्हय... म्हाराजा."

भाऊराव! त्यांच्यापाठोपाठ एक पिकलं डोकं वर झालं, मग दुसरं, आणि मग चाळीनं असा गजर केला की रस्त्यावरचे ढोलवाले थांबून वर बघू लागले.

"बाय माझे," हमीदा डोळे पुसत म्हणाली, "काय गं आवाज तुझा!"

"पुढच्या वर्षी गाऱ्हाणं वहिनीनंच घालायचं," भाऊराव खाकरत म्हणाले. "माझ्या घशाचा भरवसा नाही."