जुन्या ताण्याला नवा बीम

मी चौथी शिकलेला. कामतघरच्या कापड कारखान्यात लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, जन्म गेला. तरी कम्पायलर म्हणजे काय, ते मला कुणी शिकवू नये. माणसानं लिहिलेला प्रोग्राम मशीनच्या भाषेत करून देतो, तो.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला दापोड्याच्या एका गोडाऊननं जुना कॉम्प्युटर भंगारात काढला. मी तो उचलून चाळीत आणला. पोरगी कॉम्प्युटर क्लासला जायची, पण तिथं मशीन थोडी, मुलं फार. तिचा हात बसेना.

शेजारी म्हणाला, "टीव्ही समजून आणलास का रं?"

"व्हय, तुझीच बातमी लावतो त्याच्यावर."

क्लासमधला नवा कम्पायलर आमच्या मशीनच्या जुन्या सिस्टीमवर उभाच राहीना. त्याला मेमरी पुरेना. फाइल उघड म्हणायची त्याची रीतही सिस्टीमला ठाऊक नव्हती. क्लासचे सर म्हणाले, "काका, भंगार ते भंगारच. स्वतः केलेला प्रोग्राम दाखवल्याशिवाय परीक्षा नाही. पुढच्या वर्षी बसवा तिला."

पुढच्या वर्षी? तिचा मामा स्थळ घेऊन दारात उभा होता. पुढच्या वर्षी ती सासरी भाकऱ्या थापत असती.

लूमवरचा बीम, म्हणजे ताण्याच्या उभ्या सुताचा रूळ, संपला की नवा चढवतात, हे पोरगी लहानपणापासून बघत आलेली. ती म्हणाली, "बाबा, नवा बीम चढवताना जुना ताणा उपसून टाकता का?"

"न्हाय. त्याच्याच टोकांना नव्या सुताच्या गाठी मारायच्या आन ओढून घ्यायचं."

"मग तसंच करू."

मशीनसोबत एक जुना, छोटा कम्पायलर आलेला, पण परीक्षेचा प्रोग्राम त्याच्यानं होईना. तिनं नव्याचा मूळ कोड मिळवला, त्याचे तुकडे केले आणि एकेक तुकडा त्या जुन्याकडूनच तयार करून घेतला. सिस्टीमला न कळणारी मागणी दिसली की जुन्या रीतीनं लिहायची. तुकडा मावला नाही की आणखी कापायचा. लूम चालू असले की व्होल्टेज पडायचं, म्हणून हे सगळं शुक्रवारी, कारखान्यांच्या सुट्टीला. फ्लॉपी बदलायची ड्युटी माझी.

मामा आला. "दाजी, पाव्हणे कधी बोलवू?"

"परीक्षा झाल्यावर. आन तो कप उचल फ्लॉपीवरनं."

शेवटी चाललं. मी सरांना हाताला धरून चाळीत आणलं. पोरीनं त्यांच्यासमोर प्रोग्राम लिहिला, चालवून दाखवला.

"चालतं, पण फार हळू आहे हो काका."

"हळू असंल. पण नंबर लावावा लागत न्हाय."

सर हसले आणि त्याच वर्षीच्या परीक्षेला तिचं नाव घातलं. मी मामाला निरोप धाडला: पाव्हण्यांना सांग, थांबायचं तर थांबा, न्हायतर दुसरी बघा.